वाळवंटातला उजेड आणि छायाचित्रकाराचा निवाडा

छायाचित्र पाहताना त्याच्या विषयाबद्दल, चौकटीबद्दल, फार तर ‘क्षण टिपण्या’बद्दल बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर उजेड किती आणि किती वेळ पडू दिला, ही बाब मात्र आपण कारागिराच्या खात्यात टाकून मोकळे होतो. कवितेचा विचार करताना वृत्ताचा हिशेब छापखान्याकडे सोपवावा, तसाच हा प्रकार. एक्स्पोजर बरोबर आले किंवा चुकले, याहून तिसरी शक्यता आपल्या बोलण्यात येत नाही. शुद्धलेखनासारखे त्याचे नियम कुठेतरी ठरून गेले आहेत आणि छायाचित्रकाराने ते पाळायचे आहेत, असे आपण गृहीत धरतो.

हे गृहीत तपासून पाहावे असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. त्यासाठी कृष्णधवल फिल्म आणि वाळवंट यांच्याइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही. रंग नसल्यामुळे तिथे बोलायला फक्त उजेड उरतो, आणि वाळवंटात उजेडाशिवाय फारसे काही नसतेच. अमेरिकेच्या पश्चिमेकडील आणि नैर्ऋत्येकडील कोरड्या मुलखात, कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत, शंभराहून कमी वर्षांच्या काळात चार छायाचित्रकारांनी या एकाच प्रश्नाला चार निरनिराळी उत्तरे दिली. त्यांच्यापैकी ॲन्सेल ॲडम्स यांनी आपल्या उत्तराचा हिशेबही लिहून ठेवला आहे. ‘द निगेटिव्ह’ हा ग्रंथ प्रथम १९४८ साली आला आणि १९८१ साली तो नव्याने लिहिला गेला. ‘एक्झाम्पल्स’ हे चाळीस छायाचित्रांच्या जन्मकथांचे पुस्तक १९८३ साली निघाले. ही दोन्ही पुस्तके छायाचित्रणाच्या अभ्यासकांत पाठ्यपुस्तके म्हणून वाचली जातात. आम्ही ती टीकाग्रंथ म्हणून वाचली, आणि तशीच ती वाचावीत अशी आमची शिफारस आहे.

आधी थोडे त्या उजेडाविषयी. वाळवंटात ऊन प्रखर, म्हणून फिल्मवर उजेड कमी पडू द्यावा, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो जवळजवळ उलटा आहे. माथ्यावरचे ऊन डेथ व्हॅलीत काय, ग्वाल्हेरला वैशाखात काय, फिल्मच्या हिशेबाने फारसे वेगळे नसते. जुन्या फिल्मच्या डब्यावर छापलेला ठोकताळा, स्वच्छ उन्हात भिंग एफ/१६ वर ठेवा आणि फिल्मची जितकी गती असेल तितकाव्या अंश सेकंद शटर उघडा, हा दोन्हीकडे चालतो. फरक पडतो तो जमिनीमुळे. वाळू उजेड परत फेकते. आणि प्रकाशमापक हे उपकरण, ज्याला आपण सरळ मीटर म्हणतो, मोठे आज्ञाधारक पण अडाणी असते. त्याच्यासमोर काहीही धरा, ती वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे समजून ते आकडा सांगते. गव्हाळ वाळूवर धरले तरी करडे, चुन्याच्या भिंतीवर धरले तरी करडे. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या आहेत. तिथे मीटरचा आकडा जसाच्या तसा मानला तर छायाचित्रात त्या राखेच्या ढिगासारख्या येतात. (बडोद्याकडची मंडळी कच्छच्या रणात कॅमेरा घेऊन जातात आणि पांढऱ्या मिठाचे करडे चित्र घेऊन येतात, त्याचे कारण हेच.) म्हणजे जिथे ऊन डोळ्यांना सहन होत नाही, नेमक्या त्याच ठिकाणी फिल्मला मीटरच्या सांगण्यापेक्षा दुप्पट, कधी चौपट उजेड द्यावा लागतो.

सावलीचे गणित आणखी निराळे आहे. दमट हवेत धूर, धूळ, बाष्प यांच्यामुळे उजेड इकडेतिकडे पांगतो आणि सावलीतही पोचतो. कोरड्या, स्वच्छ हवेत असा दूत नसतो. खडकाच्या किंवा झुडपाच्या सावलीत तिथे पोचतो तो फक्त निळ्या आकाशाचा उजेड. आकाश गडद दिसावे म्हणून छायाचित्रकार भिंगावर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर चढवतो. हा फिल्टर निळा उजेड अडवतो, त्यामुळे आकाश काळवंडते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण सावलीतला उजेडही निळाच असल्यामुळे सावलीही त्याच फटक्यात काळी होते, हे हाती निगेटिव्ह येईपर्यंत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. याउलट टळटळीत दुपारी वाळूच्या टेकड्यांमध्ये उभे राहावे तर वाळूच चहूकडून उजेड परतवते, सावल्या बुजतात, आणि सारा देखावा सपाट होतो. असे हे एकच वाळवंट सकाळ-संध्याकाळी फिल्मच्या आवाक्याबाहेर जाते आणि दुपारी तिला पुरेसे कामही देत नाही.

कृष्णधवल निगेटिव्हचा एक स्वभाव इथे सांगितला पाहिजे. उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते. कमी पडला तर काही करता येत नाही. सावलीत जे फिल्मवर उमटलेच नाही ते डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवले तरी उगवत नाही. उजळ भागांचे मात्र तसे नाही. डेव्हलपरमधला वेळ कमी-जास्त करून ते आवरता येतात किंवा उचलता येतात. म्हणून जुनी कारागीर मंडळी सांगत आली की एक्स्पोजर सावलीसाठी द्यावे आणि डेव्हलपिंग उजेडासाठी करावे.

ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या दोघांनी १९४०च्या आसपास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना या अनुभवाला शिस्त लावली. तिला झोन सिस्टिम म्हणतात. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत, शून्य ते दहा, अशा पायऱ्या मानायच्या. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट उजेडाची. मीटरचा करडा म्हणजे पाचवी पायरी. आता समोरच्या दृश्यातील कोणतीही एक वस्तू, समजा उन्हातली वाळू, आपण निवडायची आणि ती कोणत्या पायरीवर बसावी ते ठरवायचे. ती बसवली की बाकीच्या वस्तू आपापल्या तेजाच्या प्रमाणात आपोआप आपापल्या पायऱ्यांवर जाऊन पडतात. ॲडम्स यांच्या परिभाषेत एक वस्तू ‘बसवायची’ असते आणि इतर ‘पडतात’.

ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. गायक आपला षड्ज ठरवतो. तंबोरे त्या सुरात लागले की मग गांधार कुठे आणि पंचम कुठे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याला उरत नाही. पण षड्ज कुठे धरायचा हे स्वातंत्र्य पूर्ण त्याचे. काळी एकला धरा की काळी चारला, राग तोच राहतो. तरीही ऐकणाऱ्याला मिळणारा अनुभव एक नसतो, आणि चुकीचा षड्ज धरला तर तारसप्तकात गळा दगा देतो. फिल्मचा गळाही असाच मर्यादित आहे. वाळू सातव्या पायरीवर बसवली तर झुडपाखालची सावली कदाचित तिसऱ्या पायरीवर पडेल आणि तिच्यातली काटकी न् काटकी दिसेल. वाळू पाचवीवर ठेवली तर तीच सावली पहिल्या पायरीवर जाईल, म्हणजे जवळजवळ काळोख. दोन्ही निगेटिव्ह तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असू शकतात. मग ‘बरोबर’ कोणती? इथे मीटर गप्प बसते आणि छायाचित्रकाराला बोलावे लागते. या वाळवंटाविषयी तुझे म्हणणे काय, असा तो प्रश्न असतो.

ॲडम्स यांचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हर्नांडेझचा परिसर म्हणजे वाळूचे वाळवंट नव्हे. उंचावरचे, कोरडे, खुरट्या झुडपांचे माळरान. दिवसभराच्या कामात फारसे काही हाती न लागता सांता फेकडे परतत असताना ॲडम्स यांना डाव्या हाताला गाव दिसले: मातीची घरे, लहानसे देऊळ, मावळत्या उन्हात पांढरे झालेले दफनभूमीतले क्रूस, मागे हिमाच्छादित डोंगररांग आणि तिच्यावर उगवलेला चंद्र. गाडी रस्त्याकडेला घालून त्यांनी मोठा, आठ बाय दहा इंची निगेटिव्हचा कॅमेरा सोबत्यांच्या मदतीने घाईघाईने उभारला. मीटर सापडेना. ऊन क्रूसांवरून केव्हाही निघून जाणार होते. त्या वेळी त्यांना आठवले की चंद्राचे तेज चौरस फुटास २५० कँडल असते. ते त्यांनी सातव्या पायरीवर बसवले. मग पाचव्या पायरीवर त्याच्या चतुर्थांश, साधारण साठ. फिल्मची गती ६४, म्हणून एफ/८ ला एक षष्ठांश नव्हे, एक साठांश सेकंद. पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट. आणि भिंग एफ/३२ पर्यंत मिटल्यामुळे अखेर एक सेकंद. फोटो काढून झाला, दुसरी निगेटिव्ह घेण्यासाठी हात उचलला, तेवढ्यात क्रूसांवरचे ऊन गेले. निगेटिव्ह एकच राहिली.

ही कथा छायाचित्रकारांच्या मेळाव्यात नेहमी सांगितली जाते, आणि ती सांगताना सगळ्यांचे डोळे त्या २५० या आकड्यावर खिळतात. (इतके आकडे ध्यानात ठेवणाऱ्या ॲडम्स यांना त्या दिवसाची तारीख मात्र आठवत नव्हती. त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी साले दिली. शेवटी चंद्राच्या स्थानावरून गणित करून खगोलाच्या अभ्यासकांनी ती शोधली. आधी ३१ ऑक्टोबर १९४१ अशी, आणि नंतर अधिक काटेकोर हिशेबाने १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटे.) आमच्या मते त्या कथेतला महत्त्वाचा भाग आकडा नव्हे, त्याआधीचा निर्णय आहे. एवढ्या दृश्यातून त्यांनी षड्ज धरला तो चंद्राचा. गावाचा नाही, क्रूसांचा नाही, झुडपांचा तर नाहीच. चंद्र हा पांढऱ्या कागदाचा ठिपका न राहता त्याच्यावर काही डाग, काही गोलाई राहावी, याची खात्री त्यांनी करून घेतली आणि खालच्या जमिनीला तिच्या नशिबावर सोडले. मीटर हाती असते तर एखाद्या काळजीवाहू छायाचित्रकाराने सावलीवर धरून जमीन सांभाळली असती. कारागिरांची म्हण तेच सांगते. ॲडम्स यांनी त्या संध्याकाळी ती म्हण मोडली.

त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. फिल्म त्यांनी पाणी घातलेल्या डेव्हलपरमधून आणि साध्या पाण्यातून आलटूनपालटून पुनःपुन्हा फिरवली, जेणेकरून उजळ भाग आवरले जावेत आणि सावली जमेल तितकी वर यावी. तरी जमिनीचा भाग पातळच राहिला. सात वर्षांनी, १९४८ साली, तयार निगेटिव्हचा खालचा भाग त्यांनी रसायनात घालून पुन्हा दाट केला. आणि त्यानंतरही प्रत्येक प्रिंटच्या वेळी डार्करूममध्ये हाताने, पुठ्ठ्याने, इथे उजेड अडव, तिथे जास्त दे, अशी कसरत चालूच राहिली. या एका निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यभरात हजाराहून अधिक प्रिंट काढले असे मानले जाते.

आता इथे आमचा मतभेद. प्रारंभीच्या प्रिंटमध्ये आकाश करडे आहे, त्यात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. वर्षे जात राहिली तसे ॲडम्स ते आकाश काळे करीत गेले. उत्तरकाळातील प्रिंटमध्ये चंद्राच्या वर जवळजवळ निखळ काळोख आहे. बहुतेक पुस्तकांत, दिनदर्शिकांत आपण पाहतो ते हे दुसरे रूप. त्याचा दबदबा आम्ही नाकारीत नाही. पण पहिल्या रूपात एक संध्याकाळ सरत असते. ऊन निघून जाण्याच्या बेतात आहे, ही त्या माणसाची धावपळ चित्रात शिल्लक राहते. दुसऱ्या रूपात रात्र स्थापित झालेली आहे. क्रूसांवर ऊन आणि माथ्यावर मध्यरात्र, असा देखावा न्यू मेक्सिकोत कुणी पाहिलेला नाही. ॲडम्स निगेटिव्हला संगीताची लिपी आणि प्रिंटला तिचे सादरीकरण म्हणत, आणि गायकाने म्हातारपणी तोच राग अधिक गंभीर गावा याला आमची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती या काळ्या आकाशाला ‘अचूक एक्स्पोजर’चे फळ म्हणून शाळेत शिकवण्याला. ते एक्स्पोजरमध्ये नव्हते. ते नंतर ठरले, चित्राचा मालक एक थोर माणूस झाल्यावर.

ॲडम्स यांच्या आधी सुमारे पाऊणशे वर्षे त्याच मुलखात टिमथी ओसलिव्हन यांनी कॅमेरा नेला होता. १८६७ साली चाळिसाव्या अक्षांशालगतच्या सरकारी पाहणीबरोबर ते नेवाडातील कार्सन वाळवंटात गेले. खेचरे जुंपलेली रुग्णवाहिका हीच त्यांची डार्करूम. त्या काळी फिल्म नव्हती. काचेवर कलोडियनचा ओला थर चढवून तो वाळण्याच्या आत काच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच धुवायची, तीही वाळवंटातल्या उष्म्यात. वाळूच्या उतारावर ती गाडी उभी आहे आणि तिच्यापासून कॅमेऱ्याकडे पावलांचे ठसे आलेले आहेत, असे त्यांचे छायाचित्र आहे. आकाश कोरे पांढरे. हा दोष नव्हे. त्या काचेला निळा उजेड तेवढा दिसे, तांबडा दिसतच नसे. आकाश तिच्या लेखी एक दिवा होता. १८७३ साली ॲरिझोनातील कॅन्यन द शे येथे कड्याच्या कपारीतल्या जुन्या वस्तीचे जे छायाचित्र ओसलिव्हन यांनी काढले, त्यात ते अंधत्वच कामाला आले. तांबूस खडक काचेला गडद भासला, आणि कड्यावरून ओघळलेले काळे पट्टे व खडकाचे तिरपे थर एखाद्या कापडाच्या विणीसारखे उमटले. १९४२ची तारीख असलेले त्याच कड्याचे ॲडम्स यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपण जवळजवळ ओसलिव्हन यांच्याच जागी उभे होतो हे त्यांच्या नंतर ध्यानात आले. त्यांच्याजवळ ओसलिव्हन यांच्या छायाचित्रांचा एक आल्बम पूर्वीपासून होता, तेव्हा हा योगायोग अगदीच निरागस नसावा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर आम्हांस जुने चित्र अधिक कठोर आणि अधिक दूरचे वाटते. फिल्मला सगळे रंग दिसू लागल्यावर छायाचित्रकाराचे स्वातंत्र्य वाढले यात शंका नाही. पण काचेचा हट्ट जे करून घेत होता ते आता फिल्टर चढवून मुद्दाम करावे लागू लागले.

इथे थोडे विषयांतर. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला असताना १८७०च्या दशकात कॅमेरा हाती घेणारे आणि पुढे हैदराबादला सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ हे आपल्या वाचकांपैकी दोन शहरांना तरी घरचे वाटतात. त्यांच्यावरचे जे लेखन आमच्या वाचनात आले त्यात संस्थानिक, पदव्या, शिकारी आणि स्वाऱ्या यांची यादी असते. माळव्याच्या उन्हात पांढऱ्या अंगरख्याची चूण आणि हत्तीच्या पोटाखालची सावली ही दोन्ही त्यांनी एका काचेवर कशी सांभाळली, हे कुणीतरी लिहावे.

एडवर्ड वेस्टन हे ॲडम्स यांचे ज्येष्ठ स्नेही. स्वभावाने अगदी निराळे. गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळालेले ते पहिले छायाचित्रकार. त्या पैशावर १९३७ आणि १९३८ साली ते चारिस विल्सन यांच्यासह गाडीतून कॅलिफोर्निया आणि पश्चिम मुलूख हिंडले, आणि डेथ व्हॅलीने त्यांना पुनःपुन्हा ओढून नेले. त्याआधी १९३६ साली त्यांनी ओशनोच्या वाळूटेकड्या टिपल्या होत्या. पण त्या पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या, तिथे समुद्राची हवा असते. वेस्टन यांच्याजवळ मीटर होते. (त्याच्या कंपनीचे नावही वेस्टन, पण नात्याचा काही संबंध नाही.) त्यांचे स्नेही सांगत की ते मीटर चारी दिशांना धरून पाहत, तबकडी फिरवीत, त्यावर विचार करीत आणि मग त्याने सांगितले त्याहून बरेच जास्त एक्स्पोजर देत. हे ऐकून हसू येते, पण निगेटिव्हच्या स्वभावाविषयी वर जे सांगितले ते आठवले तर हा माणूस कुठेच चुकत नव्हता. शिवाय ते प्रिंट मोठे करीत नसत. आठ बाय दहाची निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा प्रिंट काढीत. त्यामुळे डार्करूममध्ये नाट्य रचण्याला वाव थोडा, जे काय म्हणायचे ते उघड्यावर म्हणून टाकायचे. त्यांच्या वाळूला एक वजन आहे. ॲडम्स यांच्या टेकड्यांवर ऊन पडते. वेस्टन यांच्या टेकड्या जणू आतून भरलेल्या असतात. त्यांच्या ढोबळ पण उदार एक्स्पोजरचा या भरीवपणाशी संबंध आहे असे आमचे मत आहे, कारण वाळूच्या मधल्या छटा, पाच, सहा, सात, या तिघींमध्ये जागा भरपूर राहते आणि गोलाई तिथेच घडते.

आणि फ्रेडरिक सॉमर. इटलीत जन्म, ब्राझीलमध्ये बालपण, १९३५पासून ॲरिझोनातील प्रेस्कॉट गावी वास्तव्य. १९४३च्या आसपास त्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटाची काही छायाचित्रे काढली, ज्यांत क्षितिजच नाही. आकाश कापून टाकलेले आहे. डोंगरउतार, निवडुंग, दगड, झुडपे, वरपासून खालपर्यंत सारख्याच घनतेने पसरलेली. नजर कुठे टेकवावी ते चित्र सांगत नाही. झोनच्या भाषेत सांगायचे तर पहिली आणि नववी पायरी जवळजवळ रिकामी, सगळा संसार मधल्या तीन-चार पायऱ्यांत. छायाचित्रणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात अशा निगेटिव्हला सपाट म्हणतील आणि सकाळी लवकर उठून तिरप्या उन्हात पुन्हा जा असा सल्ला देतील. हा सल्ला सॉमर यांनी धुडकावला, आणि आमच्या समजुतीप्रमाणे वाळवंटाशी सर्वांत प्रामाणिक राहिले ते तेच. तिरपे ऊन वाळवंटाला दिवसातून दोनदा, थोडा वेळ भेटते. बाकीचा सारा दिवस तिथे राहणाऱ्या जीवाला जे दिसते ते सॉमर यांच्या चित्रासारखे असते: सर्वत्र सारखा उजेड, कशाचेही महत्त्व दुसऱ्याहून अधिक नाही. हे दाखवण्यासाठी काळा आणि पांढरा ही दोन्ही टोके सोडून द्यावी लागतात. आपल्याजवळ तारसप्तक असताना ते न गाण्यासारखे हे आहे, आणि लोकप्रियतेच्या दृष्टीने त्याचा परिणामही तसाच झाला. ॲडम्स दिनदर्शिकांवर गेले. सॉमर जाणकारांपुरते राहिले.

यावर असे विचारले जाईल की हे सारे छायाचित्रकाराने ठरवले हे कशावरून? उजेड जसा होता तसा फिल्मवर आला, मग त्यात निवाडा कसला? याचे उत्तर ॲडम्स यांनीच देऊन ठेवले आहे, आणि म्हणून आम्ही त्यांच्या पुस्तकांना टीकाग्रंथ म्हटले. ‘एक्झाम्पल्स’मध्ये ते प्रत्येक चित्राच्या वेळी कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवली ते सांगतात. का बसवली हे मात्र पुष्कळदा सांगत नाहीत. आकडा दिला की कारणही दिले असे त्यांना वाटत असावे. ही त्या पुस्तकाची उणीव. वाचकाने ते आकडे घेऊन चित्राकडे परत जायचे आणि कारण स्वतः शोधायचे, हे काम त्यामुळे आपल्यावर येते. फिल्म अजून विकत मिळते, आणि ती वापरणाऱ्या तरुणांत हा हिशेब पुन्हा शिकला जातो आहे. मोबाइलचा कॅमेरा मात्र एका क्षणात अनेक चित्रे घेऊन, सावली उचलून आणि ऊन दाबून, सर्वांना पसंत पडेल असा निवाडा परस्पर करून टाकतो. त्याच्या वाळवंटात काळोखही नसतो आणि डोळे दिपतही नाहीत.

शेवटी ॲडम्स यांच्याच एका चित्राविषयी, कारण वर त्यांच्यावर आम्ही थोडा अन्याय केला असण्याची शक्यता आहे. ‘सँड ड्यून्स, सनराइज’ हे डेथ व्हॅलीतील चित्र १९४८च्या सुमाराचे. गाडीच्या टपावरच्या फळीवर रात्र काढायची, उजाडण्यापूर्वी उठायचे आणि कॅमेरा पाठीवर घेऊन वाळू तुडवीत वर चढायचे, असा त्यांचा तिथला क्रम होता. सूर्य कडेवर आला की टेकडीची धार उजळते. तिच्या एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली, आणि मध्ये सुरीने कापावी तशी रेघ. कमी धीराच्या छायाचित्रकाराने ती सावली सपाट काळी करून चित्र सोपे केले असते. चांगल्या प्रिंटमध्ये डोळा थोडा वेळ त्या काळोखात ठेवला तर तिथेही वाळूच्या बारीक लहरी दिसू लागतात, इतक्या मंद की त्या आहेत की आपल्याला भासतात याची क्षणभर शंका यावी. स्वस्त छपाईत त्या शाईखाली बुजून जातात, आणि आपल्याकडे हे चित्र बहुतेकांनी पाहिले आहे ते स्वस्त छपाईतच. ज्यांना चांगल्या छपाईचे पुस्तक एखाद्या मोठ्या ग्रंथालयात मिळू शकेल त्यांनी ते खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात उघडून उजव्या-डाव्या उताराकडे न पाहता आधी त्या सावलीकडे पाहावे.